जाळीमागची सांदवाडी

जेवणात भाजी लागते, हे रामरावांना जन्मापासून माहीत होतं. ती येते कुठून, हे मात्र साठी उलटून गेल्यावर कळलं, आणि तेही बायको बाजेवर पडली तेव्हा.

आर्णीहून महागावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत त्यांचं गाव. गावात रामरावांचं नाव होतं ते कपाशीसाठी. पान उलटं करून पाहिलं की मावा आहे, तुडतुडे आहेत की नुसती पाण्याची ओढ, हे ते उभ्याउभ्या सांगत. सांगताना ऐकणाऱ्याला थोडं मूर्खातही काढत. लोक ते चालवून घेत, कारण सांगितलेलं खरं निघायचं. आपण चुकलो असं म्हणायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नव्हती, आणि जी सवय लागली नाही ती म्हातारपणी कुठून लागणार?

घराच्या मागे मात्र त्यांचं राज्य संपायचं. मागच्या सपरीची, म्हणजे पडवीची, पायरी उतरली की कुंपणापर्यंत विमलताईंची सांदवाडी. तिथे रामराव फक्त हात धुवायला जात. दरवर्षी होळी जवळ आली की विमलताई पदर खोचून कामाला लागायच्या. मागची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायची, सपरी शेणानं सारवायची, मांडवाच्या कुजक्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, चुलीत घालून नव्या रोवायच्या, वाफे खणायचे, त्यात जुनं शेणखत कालवायचं. मग दोडका, कारलं, चवळी, भेंडी, टमाटर, आणि पाण्याच्या टाक्याजवळ सावलीत थोडा सांभार, म्हणजे कोथिंबीर. रामराव या सगळ्याला बायकांचा खेळ म्हणत, आणि त्याच खेळातली दोडक्याची भाजी दोनदा वाढून घेत. विमलताईंनी त्यावरून कधी टोमणा मारला नाही. मारायला हवा होता, असं आपलं माझं मत.

कापसाची वेचणी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी पाण्यानं भरलेला गुंड उचलता उचलता विमलताई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. उजवा हात, उजवा पाय गेला. तोंड वाकडं झालं. यवतमाळच्या दवाखान्यात काही दिवस काढून त्यांना घरी आणलं. निघताना डॉक्टरांनी रामरावांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बाईंमध्ये दम आहे. मेहनत घेतली तर त्या नक्की चालतील. पण मेहनत त्यांना घ्यायची आहे, तुम्हाला नाही. मन लागलं पाहिजे."

रामरावांनी यातलं चालतील एवढं घट्ट धरून ठेवलं. घरी आल्यापासून ते उठता बसता तेच सांगत. "डॉक्टर म्हनते, तू चालशीन. सरळ चालशीन."

विमलताई ऐकायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. दारव्ह्याला दिलेली लेक सुरभी येऊन राहिली, आईला भरवलं, हात-पाय वाकवून दिले, रडली, समजावलं, रागावलीही. आईनं पाय म्हणून उचलला नाही. शेवटी सुरभीला आपल्या संसाराकडे परत जावंच लागलं. घरात उरले हे दोघं. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेले, आणि एकमेकांशी बोलायची फारशी सवय नसलेले.

असं चाललेलं असताना एका सकाळी विमलताई म्हणाल्या, "वाडी."

रामराव चहा गाळत होते. "काय म्हनतं?"

"होळी आली. वाडी... तशीच हाय."

शब्द जड होते, पण पुरे होते. घरी आल्यापासून त्यांनी आपणहून काढलेला हा पहिला विषय. रामरावांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "मी करतो," ते म्हणाले.

विमलताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. अर्धंच तोंड हसलं, पण हसलं. नवऱ्याच्या अकलेवर बायको हसते तेव्हा नवऱ्याला राग येतो. रामरावांचे डोळे भरून आले.

त्याच दिवशी त्यांनी बाज मागच्या सपरीत, खांबाशी आणून टाकली. उशाला दोन गाद्या लावून विमलताईंना टेकवून बसवलं आणि स्वतः धोतर गुडघ्याच्या वर घेऊन वाडीत उतरले. तो तमाशा आळीतल्या बायकांनी वर्षभर आठवावा असा होता. पांढऱ्या मातीचं पाणी भिंतीपेक्षा त्यांच्या अंगावर जास्त उडालं. सपरी सारवायला त्यांनी शेण फावड्यानं पसरलं. कुंपणापलीकडे इंदूबाईंचं घर. इंदूबाई आणि विमलताईंची लुगडी नेसायला लागल्यापासूनची मैत्री, कुंपणावरून वांगी इकडे आणि टमाटर तिकडे होत आलेलं. तिला हे पाहवेना.

"रामरावभाऊ, शेन हातानं लावत असते! थे काय खत फेकून राह्यले का तुमी?"

"मले शिकवू नोको, इंदू."

"तुमाले कोन शिकवीन बाप्पा! थे पाहा, थे बाजेवरची हासून राह्यली."

आणि विमलताई खरंच हसत होत्या. वाफे करताना तर त्यांनी डाव्या हातानं काठी उचलून बाजेच्या माच्यावर आपटली. रामरावांनी दोरी लावून कपाशीसारखे लांबच्या लांब सरळ तास काढले होते.

"पऱ्हाटी नाई लावाची," त्या म्हणाल्या. "वाफे. लहान. पानी... मावलं पायजे."

रामरावांनी तास मोडले आणि वाफे केले. एरवी कोणाची टाप नव्हती त्यांना कपाशीच्या तासाबद्दल बोलायची. मांडवासाठी शेतातून बैलगाडीभर तुराट्या आणल्या, त्या कुठे रोवायच्या हे विमलताईंनी काठीनं दाखवलं. बी कोणतं किती खोल, कोणतं भिजवून, कोणतं तसंच, हे सगळं त्या तुटक तुटक सांगत गेल्या आणि रामराव करत गेले. दिवस मावळेपर्यंत सपरीतून काठी वाजायची. आळीला वाटलं, म्हातारीनं म्हाताऱ्याला गडी ठेवला.

वाफ्यांना पहिलं पाणी दिल्यावर रामराव पायरीवर टेकले. तेव्हा विमलताईंनी सौदा केला. "दोडका उगोला का... मी पाय उचलीन."

दोडका उगवला. रामरावांनी त्यांना धरून बाजेच्या कडेला आणलं, बोटानं दोन पानांचा कोंब दाखवला. विमलताईंनी दात खाऊन उजवा पाय उचलला, विटेएवढा वर. मग तो धपकन पडला. त्यानंतर भेंडी उगवली, चवळी उगवली, आणि पाय रोज थोडा जास्त वेळ वर राहू लागला. सकाळी डोळे उघडले की त्या आधी वाडीकडे पाहायच्या आणि मग चहा मागायच्या. रामरावांना लिहिता वाचता बेताचंच येत होतं, पण एवढं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. वाडी जगली तर विमल उठेल. तेव्हापासून ते रात्रीसुद्धा एकदा उठून वाफ्यांवर बॅटरी फिरवून यायचे.

वेलींनी मांडवाची पहिली काडी धरली आणि मावा पडला. विमलताईंना तो बाजेवरून दिसला नसता. त्यांना दिसलं ते पानांचं मुडपणं. "मावा हाय. आंबट ताक... पान्यात. फवारा. आजच."

"उद्या मारतो. पंप गोपालनं नेला."

गोपाल म्हणजे पुतण्या. रामरावांकडे पाठीवरचे दोन पंप होते. एक किडीच्या औषधाचा, तो गोपालनं त्याच्या शेतात नेला होता. दुसरा तणनाशकाचा. त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली होती आणि तो शेतातल्या कोठ्यातच राहायचा. कपाशीच्या मुलखात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. बांधावरच्या गाजरगवतावर जे मारतात, ते पंपाच्या रबरात, नळीत जिरून बसतं. त्या पंपानं कपाशीवर नुसतं पाणी मारलं तरी पानं वाकडी होतात. रामरावांचा तर नियमच होता, लाल चिंधीचा पंप घराच्या अंगणात आणायचा नाही. एका सालदारानं तो एकदा चुकून घरी आणला होता, तेव्हा रामरावांनी त्याला चारचौघांत असं फाडून खाल्लं की तो दुसऱ्या दिवशी कामाला आला नाही.

पण विमलताईंना त्या दिवशी चैन पडेना. जेवण नीट गेलं नाही. दुपारी पाय उचलायची वेळ झाली, तर म्हणाल्या, "आधी वाडी." चेहरा पुन्हा भिंतीकडे वळायला लागला. रामराव घाबरले. गोपालला फोन लावला, तो म्हणाला उद्या सकाळी आणून देतो. एका रात्रीचा प्रश्न होता. ती रात्र काही त्यांच्यानं काढवली नाही. ते शेतात गेले, लाल चिंधीचा पंप घेतला, हापशीवर बसून धुण्याच्या सोड्यानं धुतला, पुन्हा धुतला, नाकाला लावून पाहिला. चिंधी सोडून कोठ्यातच टाकली आणि पंप पाठीवर घेऊन घरी आले.

विमलताईंनी पाहिलं आणि डावा हात वर केला. चिंधी नव्हती म्हणून काय झालं, किडीचा पंप गोपालकडे असल्यावर पाठीवरचा कोणता, हे घरधनीणीला कळत नाही होय? "थो तनाचा पंप हाय. थो नोका आनू."

"धुतला मी. सोड्यानं धुतला."

"नोका म्हनते न. गोपाल येईन उद्या."

"अवं, तूच आजच म्हनून राह्यली न! आन तू मले पंपाचं सांगतं? माही जिंदगी गेली फवारन्यात." आवाज जरा चढलाच.

विमलताईंचा हात खाली आला. एवढ्या वर्षांत हा आवाज चढला की त्या गप्प बसत आल्या होत्या, तशाच त्या दिवशीही बसल्या. रामरावांनी ताक गाळून पंपात भरलं आणि प्रत्येक वेल, प्रत्येक रोप बुडापर्यंत ओलंचिंब केलं. मनापासून केलं. बायकोसाठी इतक्या मनापासून त्यांनी आयुष्यात काही केलं नसेल, आणि नेमकं तेच त्यांनी असं करावं, याचा मला अजून राग येतो.

दोन-तीन दिवसांनी पहाटे ते पाणी द्यायला उतरले. टमाटरचे शेंडे खाली वळले होते. चवळीची पानं वाटीसारखी झाली होती. दोडक्याचं कोवळं पान त्यांनी बोटांवर घेतलं, तर ते अरुंद, शिरा ओढलेलं, बेडकाच्या पायासारखं. उलटं करून पाहायची गरज नव्हती. दुसऱ्याच्या शेतात हे पान दिसलं असतं तर त्यांनी बांधावरूनच ओरडून सांगितलं असतं, कोणत्या गाढवानं तणाचा पंप वापरला म्हणून. ते तिथेच, ओल्या वाफ्यात, मटकन खाली बसले.

आता सरळ पाहिलं तर उपाय साधा होता. सपरीत जायचं आणि म्हणायचं, विमल, तुझं खरं होतं, वाडी गेली. तिनं नको म्हटलं नसतं, तर बहुतेक त्यांनी सांगितलंही असतं. तिनं नको म्हटलं होतं, तेच आडवं आलं. त्यातून पुन्हा भीती. वाडी गेली हे कळल्यावर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं तर? या दोन गोष्टींत जास्त वजन कशाचं होतं, हे ते स्वतःलाही सांगू शकले नसते.

विमलताई उठायच्या आत त्यांनी कोठ्यातून दाट हिरवी जाळी आणली, उन्हासाठी रोपांवर बांधतात ती, आणि सपरीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत वरपासून खालपर्यंत टांगली.

"हे काय?" विमलताईंनी विचारलं.

"ऊन लय तापून राह्यलं. तुलेही लागते, झाडायलेही लागते. आर्नीत समदे असंच बांधून राह्यले."

विमलताईंनी मान हलवली. त्यांना बरंच वाटलं असावं. माणूस काही शिकला म्हणायचा.

दुपारी त्यांचा डोळा लागला की रामराव जाळीमागे जायचे. मेलेली रोपं उपटून त्यांनी माती वरखाली केली, उरलंसुरलं बी पुन्हा टाकलं, आवाज होऊ नये म्हणून बादलीनं न ओतता तांब्यानं पाणी घातलं. काही उगवलं. उगवलं ते वाकडंच उगवलं, कारण झाडांबरोबर मातीही भिजवली होती. जे थोडं बरं निघालं ते चैत्राच्या उन्हानं भाजून नेलं. मांडवाच्या तुराट्या तशाच उघड्या उभ्या राहिल्या.

आणि इकडे सपरीत वाडी वाढत होती. सकाळी जाळीमागे एक चक्कर मारून रामराव बाजेशी येऊन बसायचे आणि बातमी द्यायचे. "कारल्यानं मांडव धरला." "चवळीले शेंगा लागून राह्यल्या, बारक्या बारक्या." "दोडक्याले फूल आलं, पिवळंजर्द." शेतात काय चाललंय हे ज्या माणसानं बायकोला कधी दोन वाक्यांत सांगितलं नाही, तो आता फुलांचे रंग सांगत होता. सुरुवातीला जीभ अडखळायची, मग सरावली. कधी कधी तर सांगताना त्यांना स्वतःलाच ती फुलं दिसायची आणि बरं वाटायचं. आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी तेच, "तूही अशीच उभी राहाशीन. चालशीन. डॉक्टरनं सांगतलं हाय."

वाईट याचं वाटतं की त्याचा गुण येत होता. दोडक्याला फूल आलं म्हटल्याच्या दिवशी विमलताईंनी उजव्या हातानं पेला धरला. चवळीच्या शेंगांच्या दिवशी कोणाचा आधार न घेता बसल्या. बोलणं पुष्कळ सुटं झालं. सुरभी फोनवर आईचा आवाज ऐकून रडली आणि म्हणाली, "बाबा, तुमी काय जादू केली?" रामरावांनी फोन विमलताईंच्या कानाला लावून दिला आणि उठून बाहेर गेले.

इंदूबाईला कुंपणावरून सगळं दिसत होतं. एक दिवस ती रामरावांना हापशीवर गाठून म्हणाली, "भाऊ, किती दिवस चालवाल हे? काल मले विचारून राह्यली, कारलं किती मोठं झालं म्हनून. मी काय सांगू?"

"अजून थोडे दिवस. उभी राहू दे एकदा. मंग मीच सांगतो."

"दुसऱ्या कोनापासून समजलं त मंग?"

"तू नोको सांगू म्हनजे झालं."

"मी कायले सांगू? पन थे काई भोळी नाई. वाडी तिची हाय, तुमची नाई." इंदूबाईनं घागर उचलली आणि ती गेली. तेव्हापासून तिनं सपरीत येणंच कमी केलं. मैत्रिणीशी खोटं बोलण्यापेक्षा तिला न भेटणं बरं, असा तिचा हिशेब.

वैशाखात विमलताई म्हणाल्या, "आता दोडके निंगाले असतीन. फूल येऊन किती दिस झाले. भाजी करा न."

रामराव म्हणाले, "उद्या तोडतो."

दुसऱ्या दिवशी ते काळीपिवळी जीपनं आर्णीच्या बाजाराला गेले. सगळा बाजार पालथा घातला. विमलताईंचा दोडका आखूड, जाड शिरांचा असायचा, आणि बाजारात सगळे लांबच लांब, सारखे. शेवटी त्यातल्या त्यात आखूड निवडून घेतले. घरी आल्यावर पुढच्या खोलीतच थैली रिकामी केली, दोडके टोपलीत मांडले, त्यांवर पाणी शिंपडलं. एकाच्या देठाला वाडीतली थोडी मातीही लावली. इतकी वर्षं कपाशीतला खोटेपणा एका नजरेत ओळखणारा हा माणूस! मग टोपली घेऊन ते माजघरातूनच मोठ्यानं म्हणत निघाले, "विमल, पाह्य वं, कसे निंगाले! आता तोडले. मांडव लदला हाय नुसता—"

बाज रिकामी होती.

विमलताई उभ्या होत्या. खांबाला उजवा खांदा टेकवून, डाव्या हातानं खांब धरून, स्वतःच्या पायांवर उभ्या. आजारपणानंतर पहिल्यांदा. पाय थरथरत होते. जाळीची वरची गाठ सुटलेली होती आणि जाळी पायरीवर पडली होती. समोर उघड्या तुराट्या, भेगा पडलेले वाफे, मांडवाला चिकटलेला एक वाळका वाकडा वेल. दुपारचं ऊन थेट सपरीत आलं होतं.

त्यांनी मान वळवली नाही. बोलल्या त्या वाडीकडे पाहतच. "तुमाले दाखवाव म्हनलं. बाजारातून आले का मी उभी दिसली पायजे."

बाजारातून. म्हणजे ते बाजारात गेले हे त्यांना माहीतच होतं. कोणी सांगितलं, कधी कळलं, हे विचारायचं रामरावांना सुचलं नाही. टोपली हातात तशीच होती. ती कुठे ठेवावी हेही त्यांना कळेना.

"आन मनात आलं," विमलताई म्हणाल्या, "उभीच हाय त दोडक्याचं फूल पाहून घेते."

"विमल, ऐक. त्या पंपानं..."

"पंपानं गेली थे समजलं. पान पाहून समजते. थो वेल हाय न तथी." जरा थांबून त्यांनी श्वास घेतला. "वाडी मरते. एखाद्या साली मरते. मी काय रागावली असती? लय त दोन दिस बोलली नसती."

नळातून टाक्यात पाणी ठिबकत होतं. कुंपणापलीकडे इंदूबाईच्या घरात भांड्यांचा आवाज होता, तो थांबला.

विमलताईंनी आता मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा रागाचाही नव्हता. एखादी गोष्ट नीट समजून घ्यायची असावी तसा होता. "फूल आलं म्हनत होते. शेंगा लागल्या म्हनत होते. रोज. मंग तू चालशीन म्हनता, थेबी असंच हाय का?"

"नाई!" रामराव जवळजवळ ओरडले. "नाई वं. थे खरं हाय. डॉक्टरनं मले सोता सांगतलं, दवाखान्यात. बाईंमध्ये दम हाय म्हने. मेहनत घेतली त नक्की चालतीन. विमल, थे खरं हाय. तुही शपथ."

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. तोच आवाज, तेच हेल, तोच उत्साह. दोडक्याच्या फुलाचं सांगताना ज्या आवाजात सांगितलं होतं, अगदी त्याच आवाजात ते हे सांगत होते. दुसरा आवाज त्यांच्याकडे उरलाच नव्हता. ते बोलायचे थांबले. खरी गोष्ट त्यांच्याच तोंडून खोटी निघत होती.

विमलताईंनी मान हलवली, जशी पहिल्या दिवशी जाळीचं कारण ऐकून हलवली होती. "पाय दुखून राह्यला," त्या म्हणाल्या. "आत न्या मले. अथी नाई, आतल्या खोलीत."

"थोडी बस न इथंच. मी समदी वाडी पुन्हा..."

"आत न्या."

रामरावांनी टोपली खाली ठेवली. जवळ जाऊन एक हात त्यांच्या पाठीमागून, एक गुडघ्यांखालून घातला. एरवी उचलताना विमलताई आपला चांगला हात त्यांच्या मानेभोवती टाकायच्या आणि अंगाचा निम्मा भार स्वतःच पेलायच्या. रामरावांना त्याची सवयच झाली होती. या वेळी त्यांनी खांब सोडला आणि हात खाली तसाच लोंबता ठेवला. रामराव उंबऱ्याशी थांबले, दम घेतला, पुन्हा निघाले. त्यांची बायको इतकी जड आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.